माणशी पन्नास एकर

मी अमेरिकेचा इतिहास शिकवते आणि अमेरिकेत मी कधीही पाऊल ठेवलेलं नाही. दोनदा व्हिसा मागितला, दोनदा त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं होतं, तिथे जाऊन काय बघणार? मी म्हटलं, जिथे जिथे लढाया झाल्या ती मैदानं. हे उत्तर त्यांना आवडलं नसावं. माझा नवरा संजय हा किस्सा अजूनही पाहुण्यांना रंगवून सांगतो आणि मी अजूनही चिडते.

नाशिकच्या कॉलेजात बारा वर्षं मी मराठ्यांचा इतिहास शिकवला. मग संजयला दुबईत नोकरी लागली, आम्ही जुमेरा लेक टॉवर्समध्ये बाविसाव्या मजल्यावर राहायला आलो, आणि इथे पानिपताला गिऱ्हाईक नव्हतं. अमेरिकन शाळांत जाणाऱ्या मराठी मुलांना मात्र एपी यूएस हिस्ट्रीची शिकवणी हवी होती. तासाचे दोनशे दिरहॅम सांगितले की आईबाप मोठ्याने हिशोब करतात, "म्हणजे साडेचार हजारांच्या वर गेले की हो मॅडम!" आणि मग देतात. मी त्यांना कधी सांगत नाही की पहिल्या वर्षी मी मुलांच्या जेमतेम एक धडा पुढे होते.

फिझा मापारी माझ्याकडे आली ती सप्टेंबरात, बारावीच्या वर्षाला. सतरा वर्षांची, जाड चष्मा, आणि काहीही सांगितलं की "बट व्हाय, मॅम?" मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून. तिला सोडायला तिचे वडील यायचे. हारुनभाई मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. मुहैस्नाहमध्ये एका बांधकाम कंपनीच्या लेबर कॅम्पचे ते कॅम्प बॉस. म्हणजे चौदाशे कामगारांच्या खोल्या, जेवण, बसगाड्या, आजारपणं आणि भांडणं, सगळं त्यांच्या गळ्यात. घर कुसैसला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथून येऊन परत जायचं आणि पुन्हा न्यायला यायचं म्हणजे शेख झायेद रोडवर संध्याकाळ घालवायची. त्यामुळे शिकवणी संपेपर्यंत ते आमच्या सोफ्यावरच बसत. पहिल्या दोन वेळा मला त्याचा भयंकर राग आला. बाप समोर बसलेला असला की मला धड ओरडता येत नाही.

तिसऱ्या वेळी आम्ही व्हर्जिनियातल्या पहिल्या वसाहतीवर आलो. मी इंग्रजीत सुरू करते आणि मुद्दा महत्त्वाचा आला की नकळत मराठीत घसरते. मी सांगत होते, की १६०७ साली शंभराच्या वर माणसं नदीकाठी उतरली आणि वर्ष संपायच्या आत निम्म्याहून जास्त मेली.

"पाणी खारट असणार," सोफ्यावरून आवाज आला.

"काय म्हणालात?"

"नदीच्या तोंडाजवळ राहिले ना ते? भरतीचं पाणी आत येतं, मॅडम. उन्हाळ्यात ते प्यायलं की पोटं जातात. आमच्याकडे खाडीकाठच्या विहिरीचं कोणी पीत नाही."

मी पुस्तक उघडून पाहिलं. हेच कारण तिथे दीड पान खर्चून दिलं होतं. त्या दिवसापासून मी चहाला एक कप जास्त टाकायला लागले.

हारुनभाईंना अमेरिकेच्या इतिहासातलं राजकारण कंटाळवाणं वाटायचं. राज्यघटनेच्या दिवशी ते चक्क घोरले. पण माणसं कुठून आली, कोणी आणली, काय खात होती, कुठे झोपत होती, हे सुरू झालं की ते पुढे सरकून बसत. करारावर आलेल्या इंग्रज नोकरांची गोष्ट मी सांगितली तेव्हा तर त्यांनी माझीच परीक्षा घेतली.

"किती वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट?"

"चार ते सात."

"तिकीट कोणाचं?"

"मालकाचं."

"जेवणखाण?"

"तेही मालकाचं. पण पळून गेलं तर वर्षं वाढवायचे."

"ते तर होणारच," हारुनभाई म्हणाले. "बाकी बरं होतं म्हणायचं."

मग मी पुढचा नियम सांगितला. १६१८ साली व्हर्जिनियाच्या कंपनीने ठरवलं, की जो कोणी स्वतःच्या खर्चाने माणूस आणेल त्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळेल. माणूस आला की एकर आले. तो पुढच्या महिन्यात तापाने मेला तरी एकर राहिले.

"बरोबर आहे," हारुनभाई म्हणाले. "त्याशिवाय माणसं आणायची कटकट कोण करणार?"

फिझाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. नेहमीचं "बट व्हाय" तिने त्या दिवशी विचारलं नाही.

बारावीच्या मुलांना शाळेत शेवटी एक प्रोजेक्ट करावा लागतो. अमेरिकेच्या इतिहासातलं एक वळण निवडायचं, ते खरंच वळण का होतं हे सिद्ध करायचं आणि आजच्या एखाद्या जिवंत माणसाच्या अनुभवाशी ते जोडायचं. मे महिन्यात सभागृहात, आईबापांसमोर, दहा मिनिटं बोलायचं. मी फिझाला यादवी युद्ध घ्यायला सांगितलं. त्याच्या नोट्स माझ्याकडे तयार होत्या. तिने १६१८ घेतलं. तिचं म्हणणं असं, की स्वातंत्र्याची लढाई, यादवी युद्ध ही वळणं सगळ्यांना दिसतात. पण ज्या दिवशी माणूस मोजून जमीन द्यायला लागले, त्या दिवशी पुढचं सगळं ठरलं. ज्याला डोकी मोजून जमीन मिळाली त्याला ती कसायला आणखी डोकी लागली, आणि इंग्लंडातली कमी पडली तेव्हा आफ्रिकेतली आणली. मला हे पटलं. तिला मी सांगितलं की थोडं ओढूनताणून वाटतंय.

एप्रिलच्या सुरुवातीला तिला पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजचं पत्र आलं. इतिहासाला प्रवेश, निम्मी फी माफ. पोरगी आमच्या हॉलमध्ये गोल गोल फिरली. तिथल्या लायब्ररीला रात्री किती वाजता कुलूप लागतं हेसुद्धा तिला पाठ होतं. अमेरिकेला जाणारी ती माझी पहिली विद्यार्थिनी ठरणार होती आणि मला तिचा थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू? उरलेली निम्मी फी कॅम्प बॉसच्या पगारात कशी बसणार, हे मी हारुनभाईंना आडून आडून विचारलं.

"कंपनी बघतेय," ते म्हणाले. "होईल, इन्शाल्ला."

जिवंत माणूस म्हणून फिझाने वासिफचाचांना निवडलं. चाचा म्हणजे गावचे, नात्याने लांबचे. हारुनभाईंच्याच कंपनीत इलेक्ट्रिशियनांचे फोरमन. एका रविवारी दुपारी कुसैसला मुलाखत ठरली आणि मलाही जेवायला बोलावणं आलं. फिझाच्या आईने, खैरुन्निसाभाभींनी, सुरमईचं कालवण, भाकऱ्या आणि मागाहून सांदणं केली होती. मी मासे खाते हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा आपल्या माणसासारखं पाहिलं.

जेवणं झाली. फिझाने फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. प्रश्न तिने मराठीत लिहून काढले होते, मी तपासून दिले होते.

"वासिफचाचा, तुम्ही दुबईला कसे आलात?"

"कसा म्हणजे? हारुनभाईंनी आणला. एकवीस वर्षं होतील आता. मी चाळिसावा."

"चाळिसावा मीन्स?"

वासिफ हसले. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "भाभी, हिला कधी सांगितलंच नाही?"

"सांग ना तूच," आतून आवाज आला.

वासिफनी सांगितलं, अगदी खुशीत. हारुनभाई तेव्हा नुसते कॅम्पचे सुपरवायझर. कंपनीने त्यांना सांगितलं, तुमच्या गावाकडची चाळीस चांगली माणसं आणा, कंपनी तुम्हाला फॅमिली व्हिसा देईल आणि दोन खोल्या देईल. हारुनभाई सुट्टीवर गेले, एकोणचाळीस जमवले. चाळिसावा ऐन वेळी फिरला, कारण त्याची आई आजारी पडली. चार दिवस उरले होते. वासिफ तेव्हा बारावीला होते, बोर्डाचा फॉर्म भरलेला. पासपोर्ट हातात होता, कारण त्यांच्याकडे मुलाला अठरावं लागलं की आधी पासपोर्ट काढून ठेवतात, बाकीचं मग बघतात.

"फिजिक्स मला जमायचं," वासिफ म्हणाले. "सर म्हणायचे, हा पोरगा नाव काढेल. पण हारुनभाई घरी आले आणि अब्बा म्हणाले, ने. खलास. चौथ्या दिवशी विमानात. आणि दोन महिन्यांनी तुझी अम्मी विमानात."

"म्हणून तर ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा याचा," भाभी हात पुसत बाहेर आल्या. "दर वर्षी तूच नेऊन देतेस की."

फिझा म्हणाली, "ओह." मग तिने कागदावरचा शेवटचा प्रश्न वाचला. "तुमच्या आयुष्यातला टर्निंग पॉइंट कोणता?"

"तो आता येतोय. माझा पोरगा नोमान येतोय ना!" वासिफ पुढे झुकले. "हारुनभाईंना जूनमध्ये पंचवीस माणसं आणायचीत. पंचवीस पुरे झाले की तुझ्या कॉलेजची राहिलेली फी कंपनी भरणार. चोवीसवर गाडी अडली होती. मी म्हटलं, माझा घ्या, घरचंच काम आहे."

"नोमानला यायचंय?" फिझाने विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"त्याला रत्नागिरीला फार्मसी करायचीय. रडतोय जरा. मीपण रडलो होतो. महिनाभर रडतो माणूस, मग सवय होते."

मी हातातलं सांदण बशीत परत ठेवलं. हारुनभाई बंद टीव्हीकडे बघत बसले होते. फिझाने फोन उचलला, रेकॉर्डिंग थांबवलं आणि वासिफचाचांना "थँक यू" म्हणाली.

पुढच्या शिकवणीला मी तिला सांगितलं, "रेकॉर्डिंगची शेवटची दोन मिनिटं काढून टाक." कारण विचारशील तर, मी म्हटलं, विषय सतराव्या शतकाचा आहे, भरकटेल. खरं कारण वेगळं होतं. प्रोजेक्टवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं, आणि कोणत्या कंपनीने कोणाला काय कबूल केलं हे त्या सभागृहात निघालेलं मला नको होतं. इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना काय बोलायचं नाही हे फार लवकर कळतं. फिझाने वाद घातला नाही. ती दोन मिनिटं तिने काढून टाकली.

मे महिन्यात ती बोलली ते उत्तम बोलली. पडद्यावर व्हर्जिनियाचा नकाशा, त्यावर जमिनींचे तुकडे. तिने सांगितलं, की त्या नोकरांपैकी कित्येकांची नावं आज आपल्याला माहीत आहेत ती केवळ यामुळे, की जमीन मागताना मालकांना ती लिहून द्यावी लागत. मग वासिफचाचांचा आवाज आला, खाली इंग्रजी अक्षरं. "मी चाळिसावा." ते इतक्या मजेत बोलत होते की सभागृह हसलं. हारुनभाईही हसले आणि शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, "माझ्या गावचा आहे." फिझा मंचावर तशीच उभी होती, हसू संपायची वाट बघत. शेवटी तिच्या अमेरिकन सरांनी "ब्रिलियंट" असं दोनदा म्हटलं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवणारे हारुनभाईच होते.

परतताना त्यांनी मला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायचं ठरलं. मी आणि फिझा मागे, भाभी पुढे. हारुनभाई खुशीत होते. आता जूनमध्ये गावी जाऊन येतो, म्हणाले, मग ऑगस्टमध्ये विमान.

"अब्बा," फिझा मराठीत म्हणाली, "चोवीसच आणा."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. गाडीचा वेग थोडा कमी झाला.

"मी एका पोराकडून एक रुपया घेतलेला नाही," ते म्हणाले. "एजंट लाख लाख घेतात, विचार कोणालाही. आज आपल्या मोहल्ल्यात एक घर कच्चं नाही. वासिफने दोन बहिणींची लग्नं केली."

"आय नो, अब्बा."

"मग?"

"नोमानला फार्मसी करायचीय."

"तो वासिफचा प्रश्न आहे. वासिफ स्वतः म्हणतोय."

"वासिफचाचांचे अब्बापण म्हणाले होते."

यावर भाभी बोलल्या, समोर काचेतून बघत, आवाज न चढवता. "निकाहनंतर हा माणूस वीस दिवस होता. नंतर तीन वर्षं मी तुझ्या दादीच्या घरी एकटी. फोनवर मीच म्हटलं होतं, मला ने, नाहीतर मला सोड. चाळीस काय, याने चारशे आणले असते तरी मी विचारलं नसतं कोण आहेत. आणि त्यातूनच तू आहेस. आता मला शिकवू नकोस."

फिझाच्या डोळ्यांत पाणी होतं. चष्मा काढून तिने तो ओढणीला पुसला. "शिकवत नाहीये," ती म्हणाली. "चोवीसच आणा."

"चोवीसला कंपनी काही देत नाही, फिझा."

"माहीत आहे."

स्टेशन आलं. मी उतरले आणि थँक यू म्हणायलाही विसरले. घरी येऊन संजयला सांगितलं तेव्हा मी पोरीला मूर्ख म्हटलं. दोन वर्षांनी कोण नोमान आणि कोण वासिफ, असं काहीतरी बोलले. मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, कारण मला रडू येत होतं. तिचा अभिमान वाटत होता आणि तिच्यावर संतापही येत होता. मला तिला तिकडे गेलेलं बघायचं होतं, हे त्यातलं सगळ्यात खरं.

जुलैत, भर उन्हात, बापलेक माझ्याकडे आले. हारुनभाईंच्या हातात आंब्याच्या साठांचा पुडा, फिझाच्या हातात कॉलेजचा फॉर्म. फी कोण भरणार त्याचा हा कागद होता, कंपनीचं पत्र त्याला जोडलेलं. पाठवण्याआधी मी एकदा नजर टाकावी एवढ्यासाठी ते आले होते. फिझाचा चेहरा मोकळा होता, गेल्या दोन महिन्यांत मी पाहिला नव्हता इतका.

"हिचं ऐकलं मी, मॅडम," हारुनभाई सोफ्यावर आपल्या जागी बसत म्हणाले. "नोमानला नाही आणलं. फार्मसीची ॲडमिशन मी स्वतः उभं राहून करून दिली. वासिफ रागावलाय माझ्यावर, आठ दिवस बोलला नाही."

"आणि कंपनीने चोवीसवरच मान्य केलं?" मी विचारलं. मला खरंच आनंद झाला होता. मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

हारुनभाईंनी चहाचा कप उचलला, परत ठेवला. "चोवीसवर कसं करतील? पंचवीस झाले. खाडीपलीकडच्या गावातला एक मिळाला, शेवटच्या दिवशी. चांगला मुलगा आहे. कॅम्पवर रुजू पण झाला."

फिझाने फॉर्मवरून मान वर केली. घरी तिला एवढंच सांगितलं गेलं होतं, की नोमान आला नाही आणि फीचं काम झालं.

"किती वर्षांचा आहे?" तिने विचारलं.

"अठरा पूर्ण. कागद सगळे बरोबर आहेत."

"त्याला पुढे शिकायचं होतं का?"

हारुनभाईंनी तिच्याकडे सरळ बघितलं. "ते मी विचारलंच नाही. तू विचारणार हे मला माहीत होतं. म्हणून नाही विचारलं."

खालच्या तळ्यावर ऊन इतकं होतं की मी उठून पडदे ओढून घेतले. फॉर्मच्या तळाशी विद्यार्थ्याच्या सहीची रेघ रिकामी होती. फिझा तो कागद मांडीवर घेऊन बसली. तिचे वडील साठांच्या पुड्याची दोरी सोडत बसले आणि त्यांना ती सुटेना.

मग तिने माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं.